नावाची जागा

सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या उजव्या टाचेला सुई टोचली, तर आधी डावा पाय हलतो. तो गुडघ्यात दुमडतो, मग सरळ होतो आणि उजवीकडे येतो. तळवा सुई धरलेल्या बोटांपाशी पोचतो आणि तिथं जोर लावतो. जोर माझ्या करंगळीला जेमतेम जाणवेल इतकाच. पायाची बोटं मात्र पंख्यासारखी फाकलेली असतात. मग तोंड उघडतं, पण आवाज येत नाही. आणि त्यानंतर काही बाळांचा रंग बदलतो.

‘रंग बदलतो’ एवढंच आम्ही म्हणत असू. ओठ निळे पडले, असं दवाखान्यातल्या या बाळांच्या खोलीत कुणी म्हणायचं नाही, हा आमच्या आया सोजरबाई यांचा नियम होता. त्या मोहोळकडच्या. “नाव घेतलं की येतंय ते,” त्या म्हणत. आमच्यासारखे शिकलेलेही तो नियम पाळत, कारण पाळायला काही खर्च नव्हता.

त्या पायाच्या हालचालीला शरीरशास्त्रात प्रतिक्षेप म्हणतात. आमचे विभागप्रमुख डॉ. वैशंपायन फेरीत विद्यार्थ्यांना तो मुद्दाम दाखवत.

“बेडकाचं डोकं काढलं आणि पाठीला आम्ल लावलं, तरी त्याचा पाय ते पुसायला जातो. म्हणून बेडकाला दुखतंय असं कुणी म्हणत नाही.”

“डोकं काढलेल्या बेडकाला, सर,” मी म्हणाले. “हिचं डोकं जागेवर आहे.”

विद्यार्थी हसले. सरही हसले. मग त्यांनी मला सांगितलं की इतक्या लहान बाळांच्या नसांवरचं वेष्टन पुरं झालेलं नसतं, त्यांना वेदना अशी होत नाही, आणि माझ्यासारख्या रजिस्ट्रार डॉक्टरने हे एव्हाना वाचलेलं असायला हवं. मी वाचलेलं होतं. माझ्या हातात त्या वेळी ती टाच होती.

ती टाच दाक्षायणीच्या मुलीची. काचपेटीवरच्या चिठ्ठीत ‘दाक्षायणीचे बाळ, मुलगी’ एवढंच लिहिलेलं होतं. घरच्यांची अक्कलकोटला डाळींची आडत होती. दाक्षायणीचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. मराठी ती लग्नानंतर शिकली होती आणि भराभर बोलायची, पण काही शब्द तिच्या हातून निसटायचे.

शहात्तर सालचा उन्हाळा होता. मे महिन्यात सोलापुरात काचपेटीतला बल्ब लावायची वेळच येत नसे. पेटीबाहेरच जास्त गरम असायचं. बाळांच्या आईंना आत येऊ देत नसत. त्या काचेच्या भिंतीपलीकडे बाकावर बसत, दूध काढून वाटीत देत, आणि काचेतून बघत.

एके दुपारी वीज गेली. पंखा थांबला, म्हणून सोजरबाईंनी दार उघडून कडीला अडकवलं. मी बाळाच्या नाकातून दुधाची नळी घालत होते. या कामात ही मुलगी दर वेळी श्वास थांबवायची. मग मला नळी अर्ध्यात काढून तळव्यावर टिचक्या माराव्या लागत, तेव्हा कुठे ती पुन्हा श्वास घेई. त्या दिवशी तिने पाय उचलला, बोटं फाकली, आणि बोटं हळूहळू मिटली. छाती वरखाली होत राहिली. नळी पोटापर्यंत गेली. मी मान वर केली, तेव्हा बाहेरून येणारा आवाज माझ्या लक्षात आला. दाक्षायणी बाकावर बसून गुणगुणत होती. खालच्या पट्टीत, काही न मागता, जात्यावर बसलेली बाई गुणगुणते तसं.

एकदा झालं ते काहीही असू शकतं. म्हणून मी पुढचे काही दिवस कधी दार उघडं ठेवून बघितलं, कधी मिटून. नुसतं बोलायला लावून बघितलं. त्याचा उपयोग झाला नाही. सोजरबाईंनी मुलाचा ट्रान्झिस्टर आणला. त्याच्या पहिल्याच सुरांनी बाळ असं दचकलं की त्यांनी तो पदराखाली घेऊन पळ काढला. मी स्वतःही एकदा गाऊन बघितलं.

“तुमी नका म्हनू, बाई,” सोजरबाई म्हणाल्या. “ती उठून घरला जाईल.”

पण दाक्षायणी गुणगुणत असली की पाय ढकलायला येऊन थांबायचा, आणि रंग क्वचितच बदलायचा. तिच्या गाण्यात एक गोष्ट मला खटकली. ओळीच्या शेवटी, दर वेळी त्याच जागी, ती गप्प व्हायची. मला वाटलं, दम लागत असेल. ओली बाळंतीण, कडक ऊन.

सरांना हे कळायला वेळ लागला नाही. फेरी बाकापाशी आली तेव्हा ती गात होती.

“बाई, हे बंद करा,” ते म्हणाले, पण रागावून नव्हे. “हा दवाखाना आहे. उद्या सगळं गाव नावं ठेवील.”

दाक्षायणीचा चेहरा पांढरा पडला. तिने पदर तोंडावर घेतला. त्यानंतर ती बाकावर बसायची, वाटी द्यायची, पण तोंडातून सूर निघेना. मी दार उघडं ठेवलं, तिला खुणावलं, तरी तिने मान हलवून नाही म्हटलं. इकडे बाळाच्या अंगावर पिवळी झाक चढू लागली. त्यासाठी रोज टाचेतून रक्त घ्यावं लागे. रोज तो पाय यायचा, आणि रोज रंग बदलायचा.

मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसले. सोजरबाई तिथं पाळण्याच्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

“सरांना घाबरलीस का?”

“त्यांना कशाला घाबरू? ते काय सासरा हाईत?” ती म्हणाली. “पर त्यांनीच सांगितलं न्हवं का. गाणं म्हटलं तर सगळं गाव नाव ठेवील म्हनून.”

“मग ठेवू दे की.”

“आसं कसं, डाक्टरबाई? अत्ती म्हणती, हिचं नाव ठेवायचंच न्हाय.”

सासूला ती अत्ती म्हणायची. ही सासू, काशम्मा, रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन येत आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला काचेकडे पाठ करून बसत. मला ते कोरडेपणाचं लक्षण वाटलं होतं.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सर म्हणाले होते नावं ठेवतील, आणि हिने ऐकलं होतं नाव ठेवतील.

“अगं, नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं,” मी म्हणाले. “लोक नावं ठेवतात म्हणजे टीका करतात. बाळाचं नाव नव्हे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “दोनीला एकच शब्द?”

“जवळजवळ.”

“कसली ही तुमची भाषा.” ती पदराआड हसू लागली, आणि हसता हसता तिचं हसू जागच्या जागी थांबलं. “म्हंजी साऱ्या गावानं नावं ठेवली तर चालतंय, आन आईनं एक ठेवलं तर चालत न्हाय.”

सोजरबाईंनी घडी घालणं थांबवलं. “बोलली की खरं,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी दाक्षायणीने सगळं सांगितलं. तिला आधी दोन मुलगे झाले होते. दोघांचा बाराव्या दिवशी थाटात पाळणा झाला. काशम्मांनी स्वतः म्हटला, कानडीत, आणि गल्लीतल्या बायका म्हणत होत्या की असा गळा अक्कलकोटात नाही. दोघेही वर्षाच्या आत गेले. म्हणून या खेपेला काशम्मांनी सांगून ठेवलं होतं, पोरगी जगून घरी येईपर्यंत, अंगणात पाऊल टाकेपर्यंत, नाव नाही. आणि पाळण्यात तर ओळीच्या शेवटी नावच यावं लागतं. ‘जो जो’ म्हणायचं आणि मग ज्याला झोपवायचं त्याचं नाव घ्यायचं. तेवढी जागा ती गिळून टाकत होती. दम लागत नव्हता.

“तू नाव ठरवलंयस?” मी विचारलं.

“पहिल्या खेपेपासनं हाय. माज्या आज्जीचं. पर दोनी वेळा पोरगाच झाला.” ती उठली. “सांगनार न्हाय. इचारू नका.”

ती पुन्हा गुणगुणू लागली. तोवर कावीळ मात्र वाढली होती. तपासणीचा कागद आला, आणि सरांनी सांगितलं की सकाळी रक्त बदलायला हवं, नाहीतर काविळीचं विष मेंदूत उतरेल. बेंबीच्या शिरेत नळी घालून थोडं रक्त काढायचं, तेवढंच दुसऱ्याचं ताजं रक्त घालायचं, आणि असं करत राहायचं. त्यासाठी बाळाचे हातपाय कापसात गुंडाळून फळीवर बांधावे लागतात. ही मुलगी नुसत्या नळीनं श्वास थांबवणारी. इतका वेळ बांधलेली राहून ती टिकेल का, हे सरांनाही सांगता येत नव्हतं.

मी हे सगळं दोघींना समजावून सांगितलं. काशम्मांनी पहिल्यांदाच तोंड माझ्याकडे वळवलं.

“ब्याड,” त्या म्हणाल्या. नको. मग मराठीत, “आमी घरला नेतो.”

“घरी नेली तर ती वाचणार नाही, काशम्मा.”

“हितं वाचंल, आसं तुमी लिहून देता?”

“नाही देत.”

“मग?” त्यांचा आवाज चढला नाही. “शेजारच्या पेटीतलं पोरगं तुमी फळीला बांधलं, ते मी एकदा वळून बघितलंय काचंतनं. कोंबडीवानी. जायचंच आसंल तर माज्या मांडीवर जाईल. नाव घेतलं की हाक मारता येती, बाई. पोरगं जातं आन हाक घरात ऱ्हाती. दोन हाका हाईत माज्या घरात. तिसरी नको.”

फळीबद्दल त्या म्हणाल्या ते खरंच होतं.

दाक्षायणी काचेपाशी उभी होती. ती वळली नाही. काचेला बोलल्यासारखी म्हणाली, “मी आत आसंन तर बदला रक्त. मला तिच्यापाशी उभं करा, मी म्हनत ऱ्हाईन. मला भाईर ठेवनार आसाल, तर पोरगी माजी हाय. मी उचलून नेते. अत्ती म्हणती म्हनून न्हाय. मी म्हनते म्हनून.”

मी सरांच्या खोलीत गेले.

“मग कधी बसवताय भजनी मंडळ?” त्यांनी विचारलं. त्यांना बातमी आधीच पोचली होती.

“एकच बाई आहे, सर. पेटी-तबला नाही.”

“जंतूंचं काय? गेल्या हिवाळ्यातल्या साथीत आपण काय भोगलं ते विसरलात?”

“नाही विसरले. ती हात कोपरापर्यंत धुवेल, उकळलेला गाऊन घालेल, तोंडाला फडकं बांधेल. सोजरबाई चार वॉर्ड फिरून आत येतात. ही एका बाकावरून येईल.”

“आणि गाण्याने श्वास सुरू राहतो याला पुरावा?”

“कमी आहे,” मी म्हणाले. “एका बाळाचा, आणि तोही माझ्या डोळ्यांनी बघितलेला. पण यांना वेदना होत नाहीत याचा पुरावा मी शोधला, सर. ज्या पुस्तकात ते लिहिलंय त्यात दुसऱ्या पुस्तकाचा दाखला आहे, आणि दुसऱ्यात पहिल्याचा. माझा पुरावा कमी आहे, पण मी तो बघितलेला आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “समजा, मी नाही म्हटलं.”

“तर ती बाळ घेऊन जाईल. आणि बाळ का नेलं ते कागदावर मी लिहीन. ‘आईला आत घेतलं नाही म्हणून.’ खाली माझी सही असेल.”

“तुमचं इथलं वर्ष अजून पुरं व्हायचंय, डॉक्टर. शिफारस माझ्याच हातची लागेल तुम्हाला.”

“माहीत आहे.”

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. ते दुष्ट नव्हते. तीस वर्षं ते बाळांना फळीवर बांधत आले होते, आणि त्या बाळांना दुखत नव्हतं, हे त्यांना खरं असायला हवं होतं. हे मला त्या वेळी कळत होतं. तरी मी जागची हलले नाही.

“तोंडाला दुहेरी फडकं,” शेवटी ते म्हणाले. “कशालाही हात लावायचा नाही. आणि सांगून ठेवतो, लोक नावं ठेवतील.”

“आईला तेच हवंय, सर.”

त्यांना ते कळलं नाही, आणि मी समजावत बसले नाही.

सकाळी सोजरबाईंनी दाक्षायणीचे हात इतके घासले की ती म्हणाली, “भाकरी थापायला तरी कातडं ऱ्हाऊ द्या.”

“गप,” सोजरबाई म्हणाल्या. “आन आत गेल्यावर एक ध्यानात ठेव. ओठाचा रंग कसाबी होऊ दे, त्या रंगाचं नाव तोंडातनं काढायचं न्हाय.”

दाक्षायणीने त्यांच्याकडे विचित्र नजरेनं बघितलं.

खोलीत उकाडा मावत नव्हता. दार कडीला अडकवून उघडंच ठेवलं होतं. काशम्मा काचेपलीकडे उभ्या होत्या, आज तोंड आमच्याकडे करून. डबा त्यांच्या हातातच होता. मी बाळाचे दोन्ही हात कापसात गुंडाळून फळीला बांधले, मग उजवा पाय बांधला. डावा बांधला नाही.

“तो राहिला,” सर म्हणाले.

“राहू दे, सर. तो मी सांभाळते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नळी उचलली.

दाक्षायणी बाळाच्या डोक्यापाशी उभी राहून म्हणू लागली. फडक्यामागून आवाज जाडसर येत होता, पण पट्टी तीच होती. सर पिचकारीत रक्त ओढत, मी दुसरी भरून देत असे. जुनं रक्त वाडग्यात जाई आणि नवं आत. बाळाची छाती उथळ, पण नेमानं हलत होती. डावा पाय अधूनमधून यायचा, माझ्या मनगटाला टेकायचा आणि टेकलेलाच राहायचा. ओळ संपायची, रिकामी जागा यायची, ती श्वास घ्यायची, पुढची ओळ सुरू व्हायची. काही वेळानं मला जाणवलं की सरांचा हातही त्याच लयीत चाललाय. ओळीबरोबर ते ओढत होते आणि रिकाम्या जागेवर थांबत होते. त्यांना ते समजलं नसावं.

निम्मं काम झालं असेल. दाक्षायणीने वाडग्यात साचलेलं रक्त बघितलं, मग काचेकडे बघितलं. ओळ संपली, रिकामी जागा आली, आणि पुढची ओळ आलीच नाही. तिच्या फडक्यावर डोळ्यांखाली ओल पसरत होती.

डावा पाय दुमडला, सरळ झाला आणि माझ्या मनगटाला जोरानं रेटू लागला. पाचही बोटं फाकली. छाती एकदा हलली आणि थांबली. ओठांच्या कडांवरून रंग आत सरकू लागला. मी तळव्याला टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली.

“का थांबली ती?” सर मान वर न करता म्हणाले. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

“तिथं नाव येतं, सर. पाळण्यात. बाळाचं अजून नाव ठेवलेलं नाही.”

“मग ठेवा. इथं थांबायचं नाही.”

उघड्या दारातून हे काशम्मांनी ऐकलं. त्या काचेपाशी आल्या. त्यांनी मान हलवली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. ओठ हलले. शब्द ऐकू आला नाही, पण तो मला माहीत होता.

दाक्षायणीने बाळाच्या ओठांकडे बघितलं. मग तिने मान वर केली, आणि दारातून बाहेर जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“अत्ती, लई दिवस गिळलं मी. ठेवू देत गावाला काय नावं ठेवायची ती. माज्या पोरीचं नाव नीलम्मा.”